घरगुती यंत्रपुराण : अण्णांची तबकडी

या सदरात आजवर आपण शिवणाच्या यंत्रापासून पाण्याच्या मोटारीपर्यंत पुष्कळ यंत्रांची विचारपूस केली. दिवाळी अंकासाठी मात्र काहीतरी खुसखुशीत लिहा, अशी संपादकांची सूचना होती. खुसखुशीत लिहायला म्हणून बसलो आणि हाती आली एक चंदेरी तबकडी. ती निदान चकलीसारखी गोल आहे, एवढ्यावर संपादकांनी समाधान मानावे.

गोष्ट २०२४ सालच्या दिवाळीतली. आमचे मूळ घर बिलोलीचे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला हा तालुक्याचा गाव. जवळून मांजरा वाहते आणि नदी ओलांडली की तेलंगण. बाजारात उभे राहिले तर मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच वेळी कानांवर पडतात; भाजीचा भाव कोणत्या भाषेत कमी होईल याचा अंदाज जुन्या माणसांना बरोबर असतो. पुण्याहून रात्रीची गाडी धरायची, सकाळी नांदेडला उतरायचे आणि नायगाव, नर्सी करीत एस.टी.ने बिलोली गाठायची, हा आमचा दिवाळीचा शिरस्ता आहे.

घरी आता आमची मोठी आई असते. मोठी आई म्हणजे माझी थोरली काकू. वय वर्षे नव्वद. कान थोडे मंद, पण जीभ आणि स्मरण दोन्ही शाबूत. माझे थोरले काका, म्हणजे अण्णा, २०११ साली गेले. वसुबारसेच्या संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर मोठी आई मला म्हणाली, “कामून रे, त्या सहस्रचंद्रदर्शनाला ह्यांनी बोललेलं तुझ्याकडं हाय म्हणालास ना? एकदा ऐकव की. आवाज ऐकून तेरा वर्षं झाली.”

मी मोठ्या ऐटीत म्हणालो, “त्यात काय! पोराने बॅकअप घेऊन ठेवला आहे. आत्ता लावतो.”

वाचकहो, “आत्ता लावतो” हे शब्द मी संध्याकाळी सातला उच्चारले. अण्णांचा आवाज प्रत्यक्ष ऐकू आला तेव्हा साडेदहा वाजले होते आणि तोही अर्धाच. मधल्या साडेतीन तासांत मी जे शिकलो, ते तुमच्या कामी यावे एवढ्यासाठी हा प्रपंच.

आधी तबकडीची जन्मकथा सांगतो. २००७ साली अण्णांना एक्क्याऐंशी पूर्ण झाली. घरच्यांनी सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला. नांदेडहून एक छायाचित्रकार बोलावला. त्याने दिवसभर कॅमेरा फिरवला आणि महिन्याभराने दोन तासांची डीव्हीडी आणून दिली. त्या दुपारी जेवणे उरकल्यावर नातवंडांनी आग्रह केला म्हणून अण्णा पाऊण तास बोलले होते. निजामाच्या राज्यातली त्यांची शाळा, जिथे गणितसुद्धा उर्दूतून शिकावे लागे. हैदराबादचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार यांतला हिशेब, सात हाली म्हणजे सहा कलदार. १९४६ साली जवळच्याच अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली तेव्हा गावावर पडलेली छाया. मग रझाकारांचे दिवस, रातोरात घर सोडून सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात जाणे, आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर परत येणे. हे सगळे त्या तबकडीत होते. आणि खरे सांगायचे तर घरात ते कोणीही दुसऱ्यांदा पाहिले नव्हते. सर्वांना पंगतीचा भाग प्रिय. कारण त्यात प्रत्येकजण स्वतः दिसे.

२०१३ साली माझ्या चिरंजीवाने ती तबकडी संगणकावर उतरवून घेतली. मी विचारले, “झाले का?” तो म्हणाला, “झाले.” एवढ्या संवादावर आम्ही दोघेही अकरा वर्षे निर्धास्त होतो.

तर त्या संध्याकाळी मी लॅपटॉप काढला, सोबत आणलेली हार्ड डिस्क जोडली आणि ‘अण्णा’ नावाचे फोल्डर उघडले. आत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचे आणखी एक फोल्डर, आणि त्यात चार-पाच फायली. एकीचेही नाव माणसाला कळेल असे नाही. व्हीटीएस, मग शून्य एक, मग आणखी एक आकडा आणि शेवटी ‘व्हीओबी’. एकीवर दोनदा टिचकी मारली. संगणकाने नम्रपणे कळवले की, ही फाईल कशाने उघडावी हे त्याला ठाऊक नाही.

मोठी आई पाटावर बसून पाहत होती. “वीज नाही का?” तिने विचारले.

आता हे असे का होते ते पाहू. संगणक नवा असला म्हणजे त्याला सर्व काही यावे, अशी आपली समजूत असते. येथे प्रकार उलटा आहे. डीव्हीडी १९९६ साली जपानात प्रथम बाजारात आली. तिच्यावरचे चित्र एमपेग-२ नावाच्या पद्धतीने दाबून बसवलेले असते. गाठोड्यात कपडे दाबून बसवावेत तसे. ते गाठोडे सोडणारा कारागीर संगणकात लागतो. विंडोज ७ च्या बहुतेक घरगुती आवृत्त्यांत तो कारागीर होता. २०१२ साली विंडोज ८ आले आणि कंपनीने त्याला घरी बसवले. डीव्हीडी पाहणारे कमी झाले, त्याच्यापायी पेटंटवाल्यांना पैसे का मोजा, असा विचार. म्हणून आजोबांच्या जुन्या संगणकावर जी फाईल चालते, ती नातवाच्या कोऱ्या लॅपटॉपवर चालत नाही. यात तुमच्या फायलीचा दोष नसतो. ती बिघडली असे समजून पुसून टाकू नका, हा आजचा पहिला धडा.

उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. व्हीएलसी नावाचा एक प्रोग्राम मिळतो. रस्त्याचे काम चालू असताना ठेवतात तो नारिंगी-पांढरा शंकू हे त्याचे चिन्ह. १९९६ साली पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात चित्रपट पाहता यावेत म्हणून जे उद्योग आरंभले, त्यांतून हा निघाला. आणि २००१ साली तो सर्व जगासाठी खुला झाला. गाठोडे सोडणारा कारागीर याच्या पोटातच असतो, बाहेरून काही आणावे लागत नाही. मात्र तो त्याच्या निर्मात्यांच्या, म्हणजे व्हिडिओलॅन संस्थेच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवावा. त्याच्या नावाखाली भलतेच काही गळ्यात बांधणारे लोक पुष्कळ आहेत.

धाकट्या पुतणीने मोबाईलचे इंटरनेट लॅपटॉपला जोडून तो उतरवला. ही पुतणी नांदेडला कॉलेजात शिकते. ती माझ्याशी आदराने बोलते, पण मी संगणकाला हात लावला की तिच्या चेहऱ्यावर जी कळा येते, ती सुईण नवशिक्या नर्सकडे पाहते तशी असते. तिने फोल्डरात एकवार नजर टाकली आणि विचारले, “काका, बाकीच्या फायली कुठं आहेत?”

“कोणत्या बाकीच्या?”

“आयएफओ आणि बीयूपी. प्रत्येक डीव्हीडीत असतात त्या.”

मला एकदम आठवले आणि घाम फुटला. दोन वर्षांपूर्वी डिस्कवर जागा करण्यासाठी मी साफसफाई केली होती. त्या फोल्डरात काही किलोबाइटांच्या बारीकसारीक फायली होत्या. टिचकी मारूनही उघडत नव्हत्या. केर समजून मी त्या काढून टाकल्या होत्या. एका-एका गिगाबाइटच्या मोठ्या फायलींना धक्का लावला नाही, याचा त्या वेळी मला अभिमानही वाटला होता.

वाचकहो, हे नीट समजून घ्या, कारण माझ्यासारखे सफाईबहाद्दर घरोघरी असतात. डीव्हीडीच्या फोल्डरात तीन जातींच्या फायली असतात. ‘व्हीओबी’ म्हणजे खरा माल. चित्र, आवाज आणि असतील तर खालची अक्षरे, सगळे एकत्र विणलेले. ती एकेक फाईल एक गिगाबाइटच्या पुढे जात नाही, असा नियमच आहे. म्हणून दोन तासांचा कार्यक्रम चार-पाच तुकड्यांत विभागलेला दिसतो. ‘आयएफओ’ म्हणजे अनुक्रमणिका. कोणता भाग कोठे सुरू होतो, कोणत्या तुकड्यानंतर कोणता लावायचा, पडद्यावरच्या यादीत ‘पंगत’ दाबले तर कोठे उडी मारायची, हे सगळे तिच्यात लिहिलेले. आणि ‘बीयूपी’ म्हणजे त्या अनुक्रमणिकेची जशीच्या तशी दुसरी प्रत. पहिलीवर ओरखडा पडला तर हिच्यावरून काम भागावे म्हणून. ज्यांनी ही तबकडी घडवली त्यांनी जोखमीचा विचार आधीच करून ठेवला होता. मी मूळ आणि प्रत, दोन्ही एकाच दिवशी केरात टाकल्या.

अनुक्रमणिका शाबूत असेल तर काम फार सोपे असते. व्हीएलसी उघडायचा, वरच्या ‘मीडिया’ या यादीतून ‘ओपन फोल्डर’ निवडायचे आणि ‘व्हिडिओ टीएस’ हे फोल्डर दाखवायचे. तबकडी यंत्रात घातल्यासारखी यादी पडद्यावर येते. काही घरांत बॅकअप फोल्डराच्या रूपात नसून ‘आयएसओ’ नावाची एकच मोठी फाईल असते. ती म्हणजे सबंध तबकडीचा ठसा. तीही व्हीएलसीत सरळ उघडते. शिवाय विंडोज ८ पासून पुढे तिच्यावर दोनदा टिचकी मारली की संगणक तिला खरीखुरी तबकडी समजून चालवायला घेतो.

अनुक्रमणिका गेलीच असेल, तरी माल गेलेला नाही. व्हीओबी फायली क्रमाने निवडायच्या आणि एकदम व्हीएलसीत टाकायच्या. एकामागून एक चालू लागतात. सांध्यावर किंचित अडखळते, वेळेचे आकडे वेडेवाकडे दिसतात, यादी येत नाही; पण चित्र येते, आवाज येतो. पोथीची सूची फाटली म्हणून पोथी वाचायची राहत नाही, तसेच हे.

तसे आम्ही केले. पडदा उजळला. २००७ सालचे अंगण, मांडव, तेव्हा बाळसेदार असलेली आणि आता कॉलेजात जाणारी पुतणी. माणसे हलली की त्यांच्या कडांना फणीच्या दातांसारख्या रेषा दिसत. हाही बिघाड नव्हे. आपल्याकडच्या त्या काळच्या टीव्हीवर चित्राच्या ओळी एकाआड एक रंगवल्या जात, आणि आजचा पडदा सगळ्या ओळी एकदम दाखवतो. ‘व्हिडिओ’ या यादीत ‘डीइंटरलेस’ चालू केले की दात पुष्कळसे मोडतात.

तिसऱ्या फायलीच्या शेवटी अण्णा दिसले. पांढरे धोतर, खांद्यावर उपरणे, कपाळावर ओवाळल्याचे कुंकू. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली. मोठ्या आईने नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला. शाळा झाली, हाली सिक्का झाला, पानसऱ्यांची हकीगत झाली. अण्णांचा आवाज जड झाला. “मग एके रात्री आई म्हणाली, आता इथं राहण्यात अर्थ नाही...” आणि पुढच्याच क्षणी अण्णा हसत म्हणत होते, “...आणि परत आलो तर तुळस वाळलेली, पण वृंदावन जागच्या जागी!” टाळ्या. मग चहा.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. पुतणीने फायलींची नावे पुन्हा वाचली. एक, दोन, तीन, पाच. चार नव्हतीच.

चिरंजीवाला पुण्याला फोन लावला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबा, कॉपी करताना एका फाईलीला अडकले होते खरे. ‘हा भाग सोडू का’ असे विचारले, मी हो म्हटले. नंतर पाहू म्हटले, आणि राहून गेले.”

त्याला मी काय बोलणार? माझ्या हातून गेलेल्या फायली काही कमी नव्हत्या. शिवाय अकरा वर्षांत मीही एकदा तो बॅकअप उघडून पाहिला नव्हता. बँकेतले पैसे आपण निदान पासबुकात भरून घेतो. येथे पासबुकच नव्हते.

मोठ्या आईला आम्ही समजावून सांगितले की, मधला पंचवीस मिनिटांचा भाग नाही. ती थोडा वेळ पडद्यावर थांबलेल्या अण्णांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मधलं त्यांना तरी कुठं ठाव होतं?”

“म्हणजे?”

“तापानं फणफणले होते ते त्या रात्री. शुद्ध कुठं होती? गाडीत गोधड्या टाकून त्यांना निजवलं होतं. हे सगळं सासूबाईंनी मला सांगितलेलं.”

आणि मग मोठी आई बोलू लागली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा सोडून ठेवल्या होत्या. गोधडीच्या अस्तरात हाली रुपये शिवले होते. त्यांचा खळखळाट होऊ नये म्हणून एकेकाला चिंधी गुंडाळली होती. वाटेत अण्णा तापात मोठमोठ्याने उर्दूतले पाढे म्हणू लागले, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या तोंडावर हात धरला. पलीकडच्या गावात पोहोचल्यावर एका अनोळखी मुसलमान बाईने काढा करून दिला. तिच्या नावाने सासूबाई दर संक्रांतीला वाण काढून ठेवत. हे वाण मी लहानपणी पाहिले होते. ते कोणाचे, हे मी पन्नास वर्षांत विचारले नव्हते.

पुतणीने केव्हा मोबाईल समोर धरला, हे मला कळलेच नाही. बोलणे संपले तेव्हा बारा वाजून गेले होते. मोठी आई उठता उठता म्हणाली, “हे त्यांच्यासमोर कधी बोलले नाही. चारचौघांत त्यांचं बोलणं कशाला मोडा?”

पुण्याला परत येताना मी ती मूळ तबकडी बरोबर घेतली. अकरा वर्षे ती टीव्हीच्या कपाटावर, उन्हाच्या तिरिपीत पडून होती. घरी जाळलेल्या तबकडीत माहिती एका रंगाच्या थरात कोरलेली असते. हा रंग सेंद्रिय असतो आणि उन्हाने, उष्णतेने फिका पडतो. तबकडी वरून चकाकते आणि आतून विसरत जाते. लॅपटॉपला आता तबकडीचा खण नसतो, म्हणून यूएसबीला जोडायचा बाहेरचा खण मागवला. तबकडी मऊ सुती कापडाने पुसली. मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. ताट घासल्यासारखी गोल गोल पुसू नये. गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेवरूनच लांबवर जातो आणि यंत्राला पुढे जाता येत नाही.

मग चिरंजीवाने अपराध्याच्या उत्साहाने ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम लावला. याची रीत मला फार आवडली. साधी कॉपी पहिल्या खड्ड्यापाशी हटून बसते. हा मात्र आधी जे चांगले आहे ते भराभर उचलून घेतो, वाईट जागांची नोंद ठेवतो, आणि मग त्या एकेका जागेपाशी पुन्हा पुन्हा जाऊन मिळेल तेवढे वेचतो. रात्रभर खण घरघरत होता. सकाळी चौथ्या फायलीचा बहुतेक भाग हाती आला. तीन-चार मिनिटांचे चित्र चौकोनी तुकड्यांत फुटले आहे, आवाज तुटतो. आणि अनुक्रमणिका परत आल्यामुळे यादीही परत आली : सनईच्या सुरावर मोगऱ्याची चौकट आणि तीत ‘पंगत’, ‘आशीर्वाद’, ‘मनोगत’.

अण्णांचे मधले बोलणे मी एकट्याने ऐकले. त्यांच्या हकीगतीत ते स्वतः गाडी हाकत होते. तापाचा उल्लेख नाही, काढ्याचा नाही. मला हसू आले आणि डोळेही भरले. आता आमच्या घरी दोन्ही हकिगती एकाच फोल्डरात आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत असे मी मानतो.

ही हानी केवळ घरगुती नाही. फाळक्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज आपल्याकडे सबंध नाही, काही भागच उरला आहे. पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले म्हणून तेवढे तरी राहिले. आणि तेथेही २००३ च्या जानेवारीत जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून दुर्मिळ रिळे जळाली. सरकारी कोठाराची ही गत, तर टीव्हीच्या कपाटावरच्या तबकडीची कथा काय!

एक गोष्ट कायद्याची. वर सांगितले ते घरच्या, स्वतः काढून घेतलेल्या चित्रणाबद्दल. विकत आणलेल्या चित्रपटांच्या तबकड्यांची गोष्ट वेगळी. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा घरोघरी त्यांच्या चळती लागल्या. ती कंपनी पुढे बुडाली, पण तबकड्या अजून आहेत. अशा तबकड्यांना बहुधा नक्कल रोखणारे कुलूप असते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ आले. कोणाचा हक्क बुडवण्याच्या हेतूने असे कुलूप तोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा चित्रपट तबकडीवरूनच पाहावा आणि आपला उत्साह आजी-आजोबांच्या चित्रणासाठी राखून ठेवावा. तो तेथेच जास्त लागतो.

आता दिवाळीच्या सुट्टीत करण्याजोगे काम सांगून आटोपते घेतो.

पहिले म्हणजे, घरातल्या सर्व तबकड्या एकत्र काढा. लग्न, मुंज, बारसे, साठीशांत, काय असेल ते. त्यांत जुन्या व्हीसीडीही निघतील. त्यांच्यात ‘डॅट’ नावाच्या फायली असतात, त्याही व्हीएलसीत चालतात.

दुसरे, फोल्डर उतरवायचे ते सबंध. लहान फाईल बिनकामाची, असे समजू नये. जमल्यास सबंध तबकडीचा आयएसओ ठसाच घ्यावा, म्हणजे मागे काही राहण्याचा प्रश्न नाही. ठसा पेन ड्राइव्हवर घेताना जुन्या पद्धतीने आखलेला ड्राइव्ह चार गिगाबाइटांहून मोठी फाईल घेत नाही. तो एक्सफॅट पद्धतीने नव्याने आखून घ्यावा. मात्र आखताना आतले सगळे पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे.

तिसरे, फायलींचे क्रमांक मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच. शेवटची सोडून बाकीच्या साधारण एक-एक गिगाबाइटच्या हव्यात. मधली एखादी तोकडी असेल किंवा नसेलच, तर समजावे की काम अपुरे आहे. आणि संगणकाने ‘सोडू का?’ असे विचारले, तर ‘नको’ म्हणावे.

चौथे, टीव्हीवर किंवा फोनवर पाहण्यासाठी हँडब्रेक नावाच्या फुकट प्रोग्रामने एमपी-४ प्रत करून नातेवाइकांना वाटावी. पण ती वाटायची प्रत. मूळ फोल्डर तसेच राहू द्यावे. लोणचे बरणीतून वाटीत काढले म्हणून कोणी बरणी फेकत नाही.

पाचवे, तीन प्रती ठेवा; त्यांतली एक दुसऱ्या घरी, दुसऱ्या गावी. आमची एक आता बिलोलीला आहे, मोठ्या आईच्या कपाटात, देवाच्या पोथ्यांशेजारी.

आणि शेवटचे, सर्वांत सोपे आणि सर्वांत जास्त राहून जाणारे. बॅकअप घेतला म्हणजे काम झाले नाही. तो उघडून, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायचा असतो. दोन तास लागतात, लागू द्या. तेही एकट्याने पाहू नका. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला मध्ये बसवा आणि हातात वही-पेन्सिल घ्या. मांडवातली ती उंच बाई कोण, तो फेटेवाला कोणाकडचा, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवरच त्या तबकडीला पूर्ण किंमत आहे. जिथे चित्र तुटेल तिथे ती थांबवून विचारा, “मग पुढे काय झाले?”

मोठ्या आईचा परवाच फोन आला होता. यंदा पुतणीने लॅपटॉप तयार ठेवला आहे आणि मला एवढाच निरोप आहे की, फायलींना हात न लावता नुसते बसून ऐकायचे. चकलीची भाजणी मात्र पुण्याहून आणायची.

वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.